बोलतें यंत्र आणि ऐकणारा शेतकरी

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें, कीं कोरेगांव भीमा, सणसवाडी हीं गांवें मागें टाकून शिक्रापूर लागतें. चाकणचा रस्ता येथेंच येऊन मिळतो. चौकांत मालमोटारींची रीघ असते. सणसवाडी आणि रांजणगांव येथील कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या, म्हणजे परप्रांतीय कामगारांची बोली मराठीइतकीच कानीं पडते. परंतु रस्ता सोडून फर्लांगभर आंत गेलें, कीं ऊंस लागतो, कांदा लागतो, विहिरी आणि बोअर लागतात. आणि तेथील जीवनाचें घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर नव्हे, तर विजेवर चालतें. शेतीपंपाला लागणारा थ्री फेजचा पुरवठा महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं पाळीनें होत आला आहे. एका आठवड्यांत दिवसा, तर दुसऱ्यांत रात्रीं. रात्रीची पाळी आली, कीं हातांत बॅटरी घेऊन मळ्यावर जावयाचें, मोटर सुरू करावयाची आणि पहांटेपर्यंत दारें धरावयाचीं, हा क्रम ठरलेला. यांत सापाचें भय जुनेंच आहे. बिबट्याचें मात्र गेल्या कांहीं वर्षांत फार वाढलें आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागांत मोडतो, आणि येथील बिबट्या उंसांतच जन्मतो व उंसांतच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत याच तालुक्यांतील पिंपरखेड येथें त्याच्या हल्ल्यांत मुलांचे बळी गेले, तेव्हां लोकांनीं रस्ते अडविले. शेतीला वीज दिवसा द्यावी, ही जुनी मागणीहि त्या दुःखांत पुन्हां ऐकूं आली.

या रात्रीच्या फेरीवर पुण्याचे विद्युत् अभियंते संतोष ओस्तवाल यांनीं एक उपाय काढला. आपले वृद्ध आजोबा पंप सुरू करण्यासाठीं अवेळीं शेतावर जात, तें पाहून ही कल्पना सुचली, असें त्यांनीं सांगितलें आहे. ‘नॅनो गणेश’ या नांवानें हें यंत्र प्रसिद्ध झालें आणि २००९ सालीं नोकिया कंपनीनें नव्या कल्पनांसाठीं घेतलेल्या स्पर्धेंत त्याला पारितोषिक मिळालें. यंत्र म्हणजे स्टार्टरला जोडलेली एक छोटीशी पेटी. तिला मोबाईलच्या सिमकार्डाची जोड असते. शेतकऱ्यानें घरूनच त्या क्रमांकाला फोन करावयाचा. मळ्यावर वीज आहे कीं नाहीं, मोटर चालू आहे कीं बंद, हें फोनवर ऐकूं येणाऱ्या सुरावरून कळतें. मग ठरलेले आंकडे दाबले, कीं मोटर सुरू होते; दुसरे दाबले, कीं बंद होते. एवढेंच.

फोनचें बटण दाबल्यानें दूरच्या मळ्यावरील मोटरीला कसें समजतें, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. टेलिफोनचें प्रत्येक बटण एकाच वेळीं दोन सूर काढतें. एक सूर तें बटण कोणत्या आडव्या ओळींत आहे तें सांगतो, दुसरा कोणत्या उभ्या ओळींत आहे तें. पांच या बटणाचे सूर सेकंदाला ७७० आणि १३३६ कंपनांचे आहेत. हे जोड मुद्दाम असे निवडलेले आहेत, कीं माणसाच्या बोलण्यांतून, कुत्र्याच्या भुंकण्यांतून किंवा वाऱ्याच्या घोंघावण्यांतून ते सहजासहजीं निर्माण होऊं नयेत. अमेरिकेंत ही पद्धति १९६३ सालीं सुरू झाली. तेव्हां तिचा हेतु आंकडे लवकर फिरविणें एवढाच होता. पुढें याच बटणांनीं यंत्रांना हुकूम सोडतां येऊं लागले आणि टेलिफोनवरच्या साऱ्या बोलत्या सेवा याच पायावर उभ्या राहिल्या.

कोणी म्हणेल, कीं याहून स्वस्त असा ‘ऑटो’ खेड्यांत आहेच; लाईट आली कीं मोटर आपोआप सुरू. तें खरें. पण ऑटोला विचार नसतो. फेरफटका न मारतां सुरू झालेली मोटर पाईप फुटला असला तरी चालूच राहते, विहिरीचा तळ लागला तरी चालूच राहते. शिवाय लाईट येतांच शिवारांतल्या साऱ्या मोटरी एकदम उठल्या, कीं रोहित्रावर भार पडतो. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढण्याविषयीं शेतकऱ्यांना वारंवार सांगत आली आहे. फोनच्या पेटींत विचार माणसाचाच राहतो, पायपीट तेवढी वांचते.

टेलिफोनवरील सेवा कशी असावी, हें शिकावयाचें तर या पेटीपासून शिकावें. तिला एकच गोष्ट सांगावयाची आहे आणि एकच हुकूम ऐकावयाचा आहे. ती वाचावयास लावीत नाहीं. अत्यंत स्वस्त फोनवर चालते. आणि एकदां शेजाऱ्यानें दाखविली, कीं दुसऱ्यांदा विचारावें लागत नाहीं. परंतु सारींच कामें इतकीं एकेरी नसतात. कांद्याचा भाव, उंसावरील रोग, गरोदर स्त्रीनें घ्यावयाची काळजी, बँकेंतील शिल्लक, तुटलेल्या तारेची तक्रार, या सर्वांना बोलावें लागतें. आणि यंत्र बोलूं लागलें, कीं अडचणींना आरंभ होतो.

पहिली अडचण कानाचीच आहे. वर्तमानपत्राच्या पानावर डोळा वाटेल तेथें थांबतो, मागें वळतो, नको तें सोडून पुढें जातो. कानाला ही मुभा नाहीं. ऐकलेलें तें ऐकलेलें. हुकलें तर हुकलें. बँकेच्या किंवा गॅसच्या क्रमांकावर फोन करून “यासाठीं एक दाबा, त्यासाठीं दोन दाबा” अशी आठ-नऊ कलमांची यादी ज्यांनीं ऐकली असेल, त्यांना तिसऱ्या कलमाशीं आपलें पहिलें कलम विसरल्याचा अनुभव असेलच. म्हणून ज्यांनीं अशा सेवा विचारपूर्वक रचल्या, त्यांनीं एका वेळीं तीन-चार कलमांपलीकडे जाऊं नये असा पाठ घालून घेतला. दुसरा पाठ असा, कीं आधीं काम सांगावें आणि मग आंकडा. आधीं आंकडा सांगितला, तर ऐकणाऱ्याला प्रत्येक आंकडा जपून ठेवावा लागतो. आधीं काम सांगितलें, तर आपलें काम आलें कीं लगेच येणारा एकच आंकडा ध्यानांत धरावा लागतो. यांत गंमत अशी, कीं मराठी वाक्याची स्वाभाविक घडण हीच आहे. “कांद्याच्या भावासाठीं एक दाबा” हें कोणीहि सहज बोलेल. तरीहि “एक दाबा, जर आपण कांद्याचा भाव जाणूं इच्छितां” असलीं वाक्यें यंत्रांच्या तोंडीं ऐकूं येतात; कारण तीं इंग्रजींत लिहिलीं जातात आणि मग शब्दाला शब्द लावून उतरविलीं जातात. आपली भाषा जें काम फुकट करून देत होती, तें असें हातानें घालवावयाचें!

शब्दांचीहि तीच कथा. “कृपया वैध पर्याय निवडा” असें यंत्र म्हणालें, म्हणजे मळ्यावरचा माणूस आपलें कांहीं चुकलें एवढें ओळखतो आणि फोन ठेवून देतो. त्याला वैध म्हणजे काय आणि पर्याय म्हणजे काय, हें शिकविण्याची ही वेळ नव्हे. “ऐकूं आलें नाहीं, पुन्हां सांगतो, कांद्यासाठीं एक, उंसासाठीं दोन” असें म्हटलें, तर दोष यंत्राकडे जातो आणि माणूस टिकतो. कांहीं न दाबतां तो गप्प राहिला, तरी त्याचा अर्थ त्याला नको आहे असा नाहीं. एका हातांत खोरें असेल, फोन खांद्यानें धरला असेल, बटणें पाहण्यासाठीं तो कानापासून दूर नेला असेल आणि त्या अवकाशांत यंत्राचें पुढचें वाक्य हवेंत विरलें असेल. शहरांतल्या निवांत खोलींत, टेबलाशीं बसून ज्या सेवेची परीक्षा झाली, ती येथें पहिल्याच दिवशीं नापास होते.

त्यांत टेलिफोनची तारही आवाजाचा बराच भाग खाऊन टाकते. जुन्या पद्धतीच्या फोनवर सेकंदाला सुमारें ३०० ते ३४०० कंपनें एवढाच आवाजाचा पट्टा पलीकडे जातो. मनुष्याचा स्वर ओळखण्याला तो पुरतो. पण ‘स’ या अक्षराचा सुसकारा बहुतांशीं याच्या वरच्या पट्टींत असतो आणि तो वाटेंतच गळतो. नव्या ४जी फोनवर हा पट्टा रुंद झाला आहे, पण जेथें जुनाच फोन आहे तेथें जुनाच पट्टा आहे. मराठी आंकड्यांची यांत विशेष पंचाईत होते. बावन्न आणि ब्याण्णव, त्रेपन्न आणि त्र्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे शब्द खुद्द समोरासमोर बोलतांनाहि दोनदां विचारावे लागतात. मोटरीच्या घरघरींत तर बोलावयासच नको. आणि भाव बावन्न आहे कीं ब्याण्णव, यावर माल आज काढावयाचा कीं आठवडाभर थांबावयाचें, हें ठरत असतें. २०१९ सालीं बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी आंकड्यांची वाचनपद्धति दिली, तेव्हां मराठी बुडाली असा मोठा गिल्ला झाला. शाळेंत काय असावें हा वाद निराळा. टेलिफोनवर मात्र “ब्याण्णव, म्हणजे नऊ दोन” असें सांगणें हाच शहाणपणा आहे.

मग बटणें कशाला, माणसानें तोंडानेंच ‘कांदा’ म्हणावें आणि यंत्रानें समजून घ्यावें, हें अधिक सोपें नव्हे काय? ही शंका रास्त आहे आणि तिची परीक्षा शेजारच्या गुजरातेंत झाली आहे. अहमदाबादच्या डेव्हलपमेंट सपोर्ट सेंटर या संस्थेचा शेतकऱ्यांसाठीं नभोवाणीवर कार्यक्रम होत असे. त्याच्या जोडीला २००८ च्या सुमारास नील पटेल आदि संशोधकांनीं ‘आवाज ओटलो’ ही टेलिफोनसेवा उभी केली. ओटलो म्हणजे आपला ओटा. बसून चार गोष्टी बोलण्याची जागा. शेतकऱ्यांच्या हातीं दोन्ही प्रकार देऊन पाहिले, तेव्हां तोंडानें शब्द सांगण्यापेक्षां बटणें दाबूनच त्यांचीं कामें अधिक वेळां तडीस गेलीं. कारण शोधणें कठीण नाहीं. यंत्राशीं कोणत्या शब्दांत आणि केव्हां बोलावें, याचा माणसाला संकोच वाटतो. बटणाला संकोच नसतो आणि बोलीहि नसते. पुढें यंत्रांची समज पुष्कळ वाढली. तरीहि कांहीं ठिकाणीं बटणच योग्य. २०२२ च्या मार्च महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय आणली. तींत आपला गुप्त आंकडा दुकानांत उभें राहून मोठ्यानें उच्चारावयाचा, ही कल्पनाहि करवत नाहीं.

आवाज ओटल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीस आली, आणि ती अधिक मोलाची आहे. तेथें नभोवाणीवरील जुने कार्यक्रम ऐकतां येत, तज्ज्ञांच्या सूचना ऐकतां येत. पण शेतकऱ्यांचा ओढा होता तो प्रश्नोत्तरांकडे, म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्यानें स्वतःच्या आवाजांत विचारलेल्या अडचणी आणि त्यांना मिळालेलीं उत्तरें ऐकण्याकडे. पुढें केलेल्या एका प्रयोगांत एकच शेतीची सूचना कांहींना तज्ज्ञाच्या आवाजांत आणि कांहींना त्यांच्यासारख्याच शेतकऱ्याच्या आवाजांत ऐकविली. विचारलें असतां लोक तज्ज्ञांचें नांव घेत. परंतु अधिक माहितीसाठीं पुन्हां फोन केला तो शेतकऱ्याचा आवाज ऐकणाऱ्यांनीं जास्त. अर्थात् शेतकऱ्यानें सांगितलेलें औषध चुकीचें असूं शकतें, आणि म्हणून अशा सेवेला संपादक लागतोच. छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वर’ या सेवेंत गांवकऱ्यांनीं ध्वनिमुद्रित केलेली वार्ता आधीं ऐकून, पारखून मगच इतरांसाठीं खुली केली जाते.

पैशाचा प्रश्नहि येथेंच येतो. २००३ च्या मे महिन्यापासून आपल्या देशांत येणारे फोन फुकट झाले आणि त्यांतून एक नवीनच भाषा जन्मली, ती मिस्ड कॉलची. एक रिंग देऊन फोन ठेवावा, पलीकडचा समजतो. “घरीं पोंचलों”, “डबा पाठवा”, “तूंच फोन कर”, असे कितीतरी अर्थ या न उचललेल्या फोनांत भरले गेले. आफ्रिकेंतहि हाच प्रकार स्वतंत्रपणें रूढ झाला. सेवा रचणाऱ्यांनीं ही लोकांची युक्ति उचलली: आपण मिस्ड कॉल द्यावा, यंत्र उलट फोन करील आणि खर्च सेवेवर पडेल. सीजीनेट स्वर याच रीतीनें चाललें. आज महिन्याच्या पॅकमध्यें वाटेल तेवढें बोलतां येतें, हें खरें. पण ज्याच्या फोनवरील पॅक संपला आहे असा माणूस प्रत्येक वाडीवस्तीवर भेटतो, आणि ज्यांच्यासाठीं अशा सेवा काढावयाच्या त्यांत त्याचाच भरणा अधिक.

खर्चाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न, फोन कोणाच्या खिशांत आहे हा. पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो नवऱ्याबरोबर कामावर जातो. सकाळीं अकरा वाजतां गरोदर स्त्रीसाठीं आलेला उपदेश मग कारखान्याच्या फाटकावर ऐकला जातो! मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांनीं २००८ सालीं स्थापिलेल्या ‘अरमान’ या संस्थेच्या ‘एममित्र’ सेवेनें हें ओळखलें. गर्भारपणापासून मूल वर्षाचें होईपर्यंत त्या त्या आठवड्याला उपयोगी असा ध्वनिमुद्रित निरोप ही सेवा फोनवर देते. भाषा मराठी कीं हिंदी, आणि वेळ कोणती, हें स्त्रीनें आपल्या सोयीनें निवडावयाचें. सरकारच्या ‘किलकारी’ सेवेंत हेंच काम ‘डॉ. अनिता’ या कल्पित डॉक्टरीणबाईंच्या आवाजांत होतें. नांव आणि स्वभाव असलेला आवाज दर आठवड्याला आला, कीं तो ओळखीचा होतो. निनावी सूचनेला कोणी वाट पाहत नाहीं. तरीहि कांहीं स्त्रिया हळूहळू ऐकणें सोडतात. कोण सोडील याचा अंदाज गणनयंत्राकडून काढून अशा स्त्रीला एखाद्या सेविकेनें स्वतः फोन करावा, अशी योजना अरमान आणि गूगल यांच्या संशोधकांनीं अमलांत आणली. यंत्राचा हा उपयोग बहुधा सर्वांत सुज्ञ होय.

लोकांना यंत्राशीं बोलण्याची संवय लावावयाची कशी, याचें एक विनोदी उत्तर लाहोरहून आलें. आगा अली रझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें ‘पॉली’ नांवाचा खेळ काढला. आपण एक वाक्य बोलावें. यंत्र तें बारीक, जाडें, चेटकिणीसारखें करून ऐकविणार आणि हवें तर मित्राला फोन करून पोंचविणार. २०१२ सालीं पांच जणांच्या हातीं दिलेला हा खेळ वर्षभरांत दीड लाखांहून अधिक लोकांपर्यंत गेला. त्याच्याच पोटांत नोकरीच्या जाहिराती ऐकण्याची सोय ठेवली होती आणि लोक त्याहि ऐकत. शिकविण्याचा वर्ग न भरवितां साऱ्यांना बटणें दाबावयास आलीं. याच्या उलट उदाहरण आपल्याकडे २०२० च्या साथींत घडलें. कोणालाहि फोन लावला, कीं आधीं खोकल्याचा आवाज आणि मग सावधगिरीची सूचना! पहिल्या आठवड्यांत लोकांनीं ती ऐकली. पुढें ती टाळण्यासाठीं कोणतें बटण दाबावें, हेंच एकमेकांना शिकविलें.

शेतकऱ्याला यंत्र नको, माणूसच हवा असेल, तर तीहि सोय आहे. केंद्र सरकारचें किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ रोजीं सुरू झालें. १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत शेतीचे जाणकार मराठींतूनहि उत्तर देतात. माणूस ठेवणें महाग, यंत्र स्वस्त, म्हणून यंत्रांचा मोह सर्वांनाच पडतो. २०२५ सालीं राज्याच्या कृषि विभागानें ‘महाविस्तार’ हें मराठींत प्रश्न विचारतां येणारें ॲप काढलें. परंतु त्यासाठीं मोठ्या पडद्याचा फोन आणि इंटरनेट लागतें, आणि साध्या बटणांच्या फोनवाल्याला तें अजून दूरच आहे.

कांहीं फोन मात्र असे असतात, कीं तेथें यंत्रानें एक अक्षरहि बोलूं नये. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा १९२६ क्रमांक अहोरात्र चालणारा आहे. उंसांतून गुरगुर ऐकूं आली म्हणून फोन करणाऱ्याला “मराठीसाठीं एक दाबा” हें ऐकविणें क्रूरपणाचें होईल. तेथें पहिल्या रिंगला माणसाचा आवाज यावा आणि त्यानें पहिला प्रश्न ‘कोठें’ हा विचारावा. कारण भ्यालेला मनुष्य दुसरें सारें आधीं सांगतो आणि ठिकाण शेवटीं. ठिकाणहि तो गट क्रमांकानें सांगत नाहीं, अमक्याच्या विहिरीपलीकडे, तमक्याच्या वस्तीच्या मागें, असें सांगतो. सणसवाडीच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतणारा बिहारी कामगार तर ती विहीरहि जाणत नाहीं. त्याला रस्त्यावरचा पेट्रोलपंप ठाऊक असतो. फोन उचलणाऱ्याच्या समोरील नकाशावर गांवांचीं नांवें असतात. त्यांत विहिरी, वस्त्या, डीपी आणि पेट्रोलपंप यांचीं लोकांच्या तोंडचीं नांवें भरून ठेवणें, हें काम कोणत्याहि नव्या यंत्राची वाट न पाहतां ग्रामपंचायतीच्या मदतीनें करतां येण्यासारखें आहे.